कॉम्प्युटर राहू द्या, आधी विम्याचा हप्ता कार्डावरून हटवा

प्रश्न : वय ३१. घरी पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. आमच्या ऑफिसात जुनी वर्कस्टेशन्स कर्मचाऱ्यांना स्वस्तात देताहेत. दोन झिऑन प्रोसेसर (ई५-२६०० व्ही२), ६४ जीबी रॅम. त्यात ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय आणि एसएसडी टाकून गेमिंग पीसी करायचा आहे. सगळं धरून खर्च एका पगाराच्या ४० टक्के. सुटे भाग क्रेडिट कार्डावर बिनव्याजी ईएमआयने घेईन. रात्री गेम स्ट्रीम करून वर्षभरात पैसे वसूल होतील. हे करावं की सरळ नवा पीसी घ्यावा?

इतर माहिती : बचत म्हणून आणि अडीअडचणीचा पैसा म्हणून एकच विमा पॉलिसी आहे, तीन वर्षं झाली. हप्ता महिन्याला पगाराच्या १२ टक्के, १५ वर्षं भरायचा, विसाव्या वर्षी दुप्पट, गॅरंटीड. सव्वा वर्षापासून हप्ता कार्डावरून जातो, पॉइंट मिळतात, त्यावर हेडफोनही घेतला. कार्डावर पगाराच्या दीडपट थकबाकी आहे. आम्ही उधळे नाही, बाकी खर्च रोखीनेच करतो, त्यामुळे ती कशी साचली कळत नाही. पण किमान रक्कम एकदाही चुकवलेली नाही. स्टेटमेंट जोडलं आहे.

उत्तर : ‘इतर माहिती’ म्हणून तुम्ही जे शेवटी उरकलंय, खरं प्रकरण तेच आहे. कॉम्प्युटरकडे नंतर येतो.

हिशेब सोपा जावा म्हणून तुमचा हातात येणारा पगार १०० धरू. म्हणजे विम्याचा हप्ता १२, थकबाकी १५०, कॉम्प्युटर ४०. स्टेटमेंटवर व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के दिसते आहे.

आता थकबाकी कुठून आली ते बघा. १५ महिने दरमहा १२ कार्डावर चढले, झाले १८०. त्यावर व्याज साधारण ३५. याच काळात तुमच्या किमान रकमा सगळ्या मिळून ६० च्या आसपास गेल्या. १८० अधिक ३५ वजा ६०, राहिले १५५. हीच तुमची थकबाकी. उधळपट्टी नाहीच, तुमचं बरोबर आहे. सगळी थकबाकी त्या ‘बचती’ची आहे.

थोडक्यात, तुम्ही महिना ३ टक्क्यांनी कर्ज काढून विमा भरताय. ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. त्या दराने न फेडलेली रक्कम दोन वर्षांत दुप्पट होते. तुमची पॉलिसी दुप्पट कधी करणार? विसाव्या वर्षी. आणि ती दुप्पटही नीट तपासू. पहिला हप्ता २० वर्षं अडकतो, शेवटचा पाच. सरासरी साडेबारा. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की वर्षाचा दर साधारण कळतो. ७२ ला साडेबाराने भागा, वर्षाला साडेपाच-पावणेसहा टक्के हाती येतात. ‘गॅरंटीड दुप्पट’ सांगताना हा भागाकार करून दाखवणारा एजंट मला अजून भेटायचा आहे. वर्षाला साडेपाच मिळवण्यासाठी वर्षाला ३६ च्या वर मोजायचे, हा व्यवहार तुम्ही सव्वा वर्ष नेमाने, एकही तारीख न चुकवता केलात.

पॉइंटचंही सांगतो. शंभराला एक धरला तरी १८० वर १.८ चे पॉइंट झाले. व्याज गेलं ३५. हेडफोन जपून वापरा, घरातली सगळ्यात महाग वस्तू ती आहे.

किमान रक्कम वेळेवर भरली की सगळं ठीक, हा समज बँकेला फार सोयीचा आहे. वेळेवर भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. या महिन्यात तुम्ही ७.५ भरणार, ४.५ व्याज लागणार आणि वर नवा १२ चा हप्ता चढणार. म्हणजे भरूनही बाकी ९ ने वाढणार. याच कार्डावर तुम्हाला ४० चा ईएमआय टाकायचा आहे! बिनव्याजी असो की नसो, तो पूर्ण भरता आला नाही की त्याचीही थकबाकीच होणार, त्याच ३ टक्क्यांची.

मग करायचं काय? आज, हे वाचून झाल्यावर लगेच, विम्याचा हप्ता कार्डावरून हटवा आणि पॉलिसी चालू आहे तोवर पगारातून भरा, कार्डाआधी भरत होतात तसा. पॉलिसी बंद करण्याआधी मात्र साधा मुदत विमा (टर्म, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) हातात घ्या, कारण आताच्या पॉलिसीत तुमच्या पश्चात मिळणारी रक्कम वार्षिक हप्त्याच्या दहापट धरली, तरी ती जेमतेम १४ महिन्यांचा पगार आहे. तीन वर्षांच्या मुलीला १४ महिने पुरून काय होणार? या वयात, तब्येत धड असेल तर, आताच्या हप्त्याच्या एका लहानशा हिश्श्यात याच्या कितीतरी पट संरक्षण मिळतं. त्यासाठी महिना २ बाजूला धरू. नवी पॉलिसी प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय जुनीला हात लावायचा नाही.

मग जुनी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करून मिळतील ते पैसे परत घ्या. इथे तुम्ही कळवळणार हे मला माहीत आहे. तीन वर्षांत ४३२ भरलेत, आणि परत मिळतील समजा ३५ टक्के, म्हणजे १५०. मन म्हणेल, एवढं नुकसान कसं सोसू? ते नुकसान सही केली त्या दिवशीच झालं, आज फक्त दिसतंय. आज ठरवायचं आहे ते पुढच्या १२ वर्षांत भरायच्या १,७२८ चं. मिळालेल्या १५० मध्ये कार्ड त्याच दिवशी शून्यावर येतं. सरेंडरचे फारच कमी मिळत असतील, तर ती पेड-अप करा: पुढचे हप्ते बंद, जे भरलंय त्याच्या प्रमाणात मुदतीअखेर मिळेल. मग सुटलेले पैसे कार्डाकडे वळवा, दहाएक महिन्यांत फिटेल. मधल्या काळात कमी व्याजाचं वैयक्तिक कर्ज मिळालं तर बाकी तिकडे हलवा. पण मग कार्ड कपाटात.

थकबाकी फिटली की पगारातून जाणारे हप्त्याचे १२ आणि किमान रकमेचे ७.५ सुटतात, त्यातून मुदत विम्याचे २ गेले. राहिले १७.५ दरमहा. सहा महिन्यांत एका पगाराएवढी गंगाजळी, जी तुमच्याकडे आज शून्य आहे (पॉलिसीला तुम्ही ‘अडीअडचणीचा पैसा’ समजत होतात, तिचं रूप वर पाहिलंतच). त्यानंतरच्या अडीच महिन्यांत कॉम्प्युटर, तोही रोखीने. गंगाजळी पुढे तीन पगारांपर्यंत न्या, पण त्यासाठी खेळ आणखी लांबवा असं मी म्हणणार नाही. मनोरंजनावर खर्च करायला माझी हरकत नाही. माझी हरकत वसुलीच्या गोष्टीला आहे. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं प्रेक्षण लागतं. दहा माणसं रोज दोन तास तुमच्यासमोर खिळून बसली तरी २०० संध्याकाळी जातात, आणि तोवर जाहिरातींचं हाती काही नाही. हौस म्हणून जरूर करा, पण वसुलीच्या रकान्यात शून्य लिहा.

आता तुमचा प्रश्न. हे वर्कस्टेशन घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग नव्हे. गेमला एकेका कोअरचा वेग लागतो, दुसरा प्रोसेसर बहुतेक वेळ नुसता वीज खात बसतो. व्ही२ पिढीत एव्हीएक्स२ (एका फटक्यात बरीच आकडेमोड करणाऱ्या सूचनांचा संच) नाही, आणि काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. विंडोज ११ ला हे प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाहीत आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलरंटसारखे गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतात. वर अशा ब्रँडेड यंत्रांचा पॉवर सप्लाय बरेचदा कंपनीच्या खास जोडणीचा असतो, बाजारातला सरळ बसत नाही.

जुनं यंत्र घेताना माझी एकच फूटपट्टी: उद्या डबा बदलला तर कोणता भाग सोबत येईल? तुमच्या ४० पैकी ग्राफिक्स कार्ड २० आणि एसएसडी ५, हे पुढच्या कॉम्प्युटरमध्ये जातील. डब्याचे १० आणि त्याच्या पॉवर सप्लायचे ५ तिथेच संपतील. ६४ जीबी रॅमचा मोह धरू नका, ती सर्व्हरसाठीच बनवलेली, चुका दुरुस्त करणारी ‘रजिस्टर्ड ईसीसी’ रॅम असेल तर घरगुती मदरबोर्डात चालत नाही.

ऑफिसच्या पुढच्या लॉटमध्ये आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा इंटेल कोअर आय५, आय७ असलेला साधा टॉवर आला तर नाव द्या. त्याला विंडोज ११ चालतं. त्यात ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी कार्ड घाला. ते सहसा मदरबोर्डावरच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच भागवतं, त्यामुळे मूळचा पॉवर सप्लाय बदलावा लागत नाही. डबा बुटका असेल तर कार्डाची उंची आधी मोजा. नवाकोरा गेमिंग पीसी सध्या विषयातच नको.

विमा कंपनीला या आठवड्यात तीन गोष्टी लेखी विचारा: आजची सरेंडर किंमत, पेड-अप केल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम, आणि पुढचा हप्ता भरल्यावर या दोन्हींत पडणारा फरक. एजंट ‘घरी येऊन समजावतो’ म्हणाला, तर आकडे ईमेलवर पाठवायला सांगा.