सुकाणूतलं पाणी: लांबी भरण्याआधी काट्यावर ठेवा

बोटीचं सुकाणू उजनी धरणातून काढून आठवडा झाला तरी खालच्या कडेतून तांबूस पाणी ठिपकतंय आणि गावातला फायबरवाला 'भोक पाडून लांबी (पुट्टी) भरून देतो' म्हणतोय, हे तुमचं वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. त्याला तूर्त हात लावू देऊ नका.

बोट सेकंडहँड, आधी समुद्रात होती म्हणता, म्हणजे आत फोम आणि स्टीलचा दांडा असणार असं धरून लिहितो. मी काही इंजिनिअर नाही, टॉवेलच्या धंद्यातला माणूस. पाणी खालून फक्त दिसतं. शिरतं बहुतेक वरून, दांडा जिथे फायबरमध्ये घुसतो तिथून. उन्हात स्टील आणि फायबर एकसारखं प्रसरण पावत नाही, सांधा सुटतो.

माझं सुकाणू मी किनाऱ्यावरच्या एका वर्कशॉपला पाठवलं होतं. नाव घेत नाही. त्यांनी भोक पाडलं, धार लागल्याचा फोटो पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी भरून रंग मारला. वर बिलात 'ड्राइंग चार्जेस', म्हणजे वाळवण्याचे पैसे, वेगळे! ओला फोम एका रात्रीत वाळतो होय? एप्रिलमध्ये इथे सोलापुरात पत्र्याला टेकवून ठेवलं, तर एका बाजूचं फायबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं फुगून सुटलं. उघडलं तर फोम दाबला की काळं पाणी, कुजका वास, आणि दांड्याला वेल्ड केलेल्या पट्ट्यांवर बारीक खड्डे. 'स्टेनलेस आहे, गंजत नाही' असं फोनवर ऐकवत होते. अहो, स्टेनलेसला वरचा थर टिकवायला ऑक्सिजन लागतो. कोंडलेल्या खाऱ्या पाण्यात तो मिळत नाही, मग आतल्या आत खातं. पैसे मागितले तर म्हणे सोलापूरचं ऊन आमच्या वॉरंटीत बसत नाही.

असो. परदेशी लोक बर्फाने सुकाणू फुटतं म्हणून घाबरतात, आपल्याकडे तो प्रश्न नाही. उलट एप्रिल-मेची कोरडी हवा फुकटात मिळते, आणि उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचं पाणी संपलं, की बोट तशीही बाहेरच असते. दांडा घट्ट धरून पातं, म्हणजे सुकाणूचा रुंद फायबरचा भाग, ढकला. दांडा जागेवर आणि पातं हलत असेल, तर पुढचं वाचू नका. आतल्या पट्ट्या सुटल्यात, ते उघडायलाच हवं. हलत नसेल तर सगळ्यात खाली एक आणि वर हवेसाठी एक भोक पाडा. बॅटरीचं ड्रिल घ्या, ओल्यात वायरचं नको. फायबरचा पत्रा पार झाला की थांबा, आत स्टील आहे. मग सावलीत उभं टांगा, उन्हात नाही. आणि दर आठवड्याला भंगारवाल्याच्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं. हाताला कोरडं लागतं याला माझ्या मते काही अर्थ नाही.

भोकं एपॉक्सीनेच (दोन भाग कालवून घट्ट होतं ते) बुजवा. पहाटे, थोडं थोडं कालवून. दुपारी डब्यातच तापून दगड होतं. दांड्याभोवती मात्र एपॉक्सी नको. तिथे खाच काढून पॉलियुरेथेन सीलंट भरा, ते सांध्याबरोबर ताणलं जातं. सिलिकॉन चुकूनही नको, त्यावर नंतर दुसरं काही चिकटत नाही.

पुसायला सेकंडचे, म्हणजे थोडा दोष असलेले, टॉवेल घ्या, पण सॉफ्टनर न लावलेले, नाहीतर एपॉक्सीखाली तेलकट थर राहतो.