पंचायत गटाराच्या कामाचा हिशोब देत नाही, कागद कसे मिळवायचे?

वाड्यावरचं गटार अर्धवट आहे, फलकावर मात्र काम पूर्ण झाल्याचं लिहिलंय, आणि ग्रामसभेत विचारलं की ‘पुढच्या सभेत सांगतो’ असं उत्तर मिळतं, ही तुमची अडचण. तोंडी प्रश्नाला तोंडीच उत्तर मिळणार. आवाज चढवण्यात आपल्या ग्रामसभा कुणाला हार जात नाहीत, पण त्यातून बिलाची प्रत काही बाहेर येत नाही. त्यामुळे आधी माहिती हक्काचा अर्ज करा आणि कागद हातात आल्यावर सभेला जा.

काम नेमकं कुणी केलं ते आधी बघा. गोव्यात ते पंचायतीचा निधी, साबांखा (सार्वजनिक बांधकाम खातं), जलस्रोत खातं यांपैकी कुणाचंही असू शकतं. वित्त आयोगाच्या निधीतून झालं असेल तर ईग्रामस्वराज संकेतस्थळावर आपली पंचायत निवडून खर्चाच्या नोंदी घरबसल्या पाहता येतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी माहिती हक्क कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे, पण प्रत्यक्षात तिथेच महिना जातो.

पंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे सचिव. अर्जाचं शुल्क १० रुपये. कारण लिहायची गरज नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, पुढची सगळी मुदत त्या तारखेवरून मोजली जाते.

बहुतेक अर्ज फसतात ते मजकुरात. ‘काम अर्धवट का ठेवलं?’ असं विचारलं तर ‘असा अभिलेख उपलब्ध नाही’ एवढं लिहून सचिव मोकळा होतो, कारण कायदा असलेले कागद द्यायला सांगतो, खुलासा लिहायला नाही. ‘गेल्या दहा वर्षांतली सगळी कामं’ मागितली तर कामाचा ताण पुढे करून कलम ७(९) दाखवतात. एकच काम घ्या आणि कागदांची नावं लिहा: अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मोजमाप वहीची संबंधित पानं, बिलं, पूर्णत्वाचा दाखला. शिवाय ‘मूळ फाइल पाहायची आहे’ अशी एक ओळ घाला. पाहणीचा पहिला तास फुकट असतो.

यातला खरा कागद मोजमाप वही. तिच्यात लांबी, रुंदी, खोली आणि परिमाण वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेलं असतं, आणि त्यावरूनच बिल निघतं. समजा खोदाई १२० मीटर × ०.६० × ०.७५, म्हणजे ५४ घनमीटर दाखवलीय. तुम्ही टेप लावलीत आणि गटार ९६ मीटर भरलं, तर होतात ४३.२ घनमीटर. १०.८ घनमीटरचा फरक, आणि काँक्रीटही त्याच प्रमाणात कमी. जाडी मातीखाली झाकलेली असते, लांबी लपत नाही, म्हणून सुरुवात लांबीपासून करा. कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचीही सोय आहे, पण लोक ती क्वचितच वापरतात.

‘वही अभियंत्याकडे आहे’ हे उत्तर चालत नाही. सचिवाने त्याच्याकडून मागवायची असते, आणि कलम ५(५) प्रमाणे तोही जबाबदार ठरतो. ‘फाइल सापडत नाही’ हे तर माहिती नाकारण्याचं कारणच नाही. अपिलात शोध घेऊन शपथपत्र द्यायला लावा, असं लेखी मागा.

अलीकडे आणखी एक पळवाट निघालीय. १४ नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१)(ञ) बदललं आणि ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार देणं सोपं झालं. ठेकेदाराचं नाव किंवा बिल यावर अडवलं तर कलम ८(२) मधल्या सार्वजनिक हिताचा आधार घ्या. एखादा बँक खाते क्रमांक झाकून बाकीचा कागद द्यायला कलम १० आहेच.

उत्तराची मुदत ३० दिवस. प्रतींचे पैसे कळवल्यापासून तुम्ही भरेपर्यंतचे दिवस त्यात धरत नाहीत, मुदत उलटली तर प्रती फुकट. मग ३० दिवसांत गटविकास अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याचा निकाल ३०, फार तर ४५ दिवसांत. तरी नाही मिळालं तर ९० दिवसांत पणजीला राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांचा दंड फक्त आयोग लावू शकतो, गटविकास अधिकारी नाही. म्हणून पहिल्या अपिलात दंडाची भाषा वाया घालवू नका, तिथे कागदच मागा.

साधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी असतात. ऑक्टोबरची गाठायची तर अर्ज ऑगस्टच्या मध्यापर्यंत जायला हवा. सभेत भाषण नको. मोजमाप वहीतला आकडा आणि जागेवरचा आकडा वाचा, ‘संयुक्त मोजणी करून पुढच्या सभेत अहवाल ठेवावा’ असा ठराव लेखी द्या, सूचक आणि अनुमोदकाच्या सह्यांसह. ठराव सभेतच वाचून नोंदवून घ्या, कारण इतिवृत्तात शेवटी ‘चर्चा झाली’ एवढंच उरण्याची सवय जुनी आहे. आठवड्याभराने इतिवृत्ताच्या प्रतीसाठी पुन्हा १० रुपयांचा अर्ज टाका.