कल्ले उचलून बघा: गोड्या पाण्यातले मासे आणि जड धातू

प्रश्न (पैठण): उन्हाळ्यात एका पहाटे नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठाला मेलेले मासे लागले. खाम नदीतून केमिकल आलं, असं सगळे म्हणतात. खरं असेल का?

खाम छत्रपती संभाजीनगरचं सांडपाणी घेऊन नाथसागराकडे येते, तेव्हा शंका रास्त आहे. पण मासे पहाटे मेले आणि आधी वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, तर पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन ओढतं आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

म्हणून धातू निर्दोष ठरत नाही. शिसं, कॅडमियम, क्रोमियम कुजत नाहीत, गाळात बसून राहतात. माशाचा कल्ला उचलून बघा. निरोगी असेल तर आत लालभडक, सुटे-सुटे पापुद्रे दिसतील. धातूंचा मारा झाला की त्यांवर चिकट थर येतो, पापुद्रे सुजून एकमेकांना चिकटतात. एरवी ती पहाट निभावून नेली असती, असा मासा मग तिथेच दम तोडतो.

प्रश्न (जालना): शेवाळ झालं म्हणून शेततळ्यात मोरचूद टाकलं. राहूची बोटुकली (बोटभर पिल्लं) दोन दिवसांत मेली. शेजाऱ्यानं तेवढंच टाकलं, त्याचे मासे जिवंत. असं कसं?

तुमचं नुकसान वाचून वाईट वाटलं, कारण ते टळलं असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, त्यात तांबं असतं. ते कल्ल्यांना चिकटतं आणि माशाच्या अंगातलं मीठ पाण्यात झिरपू लागतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर ते कल्ल्यांवरची तीच जागा अडवून धरतं आणि तांब्याला शिरकाव कमी मिळतो. तुमचं तळं प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं, पावसाच्या पाण्यानं भरलेलं आहे, असं तुम्ही लिहिलंय. मातीशी संबंध नाही, म्हणून पाणी मऊ, त्यात कॅल्शियम कमी. शेजारी विहिरीचं पाणी सोडतो. आपल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी बहुधा जड असतं, तेच त्याच्या माशांच्या कामी आलं असणार.

मत्स्यशेतीतला हिशोब असा: पाण्याची अल्कलिनिटी (कार्बोनेट-बायकार्बोनेट क्षारांचं प्रमाण) मोजायची आणि त्या आकड्याला 100 ने भागायचं. अल्कलिनिटी लिटरला 200 मिलिग्रॅम असेल तर मोरचूद लिटरला 2 मिलिग्रॅम, म्हणजे दहा लाख लिटरला 2 किलो, त्याहून जास्त नाही. अल्कलिनिटी 50 च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावू नका. आणि शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना ऑक्सिजन खातं, तो फटका वेगळाच. पुन्हा मात्रा देऊ नका. आधी तळ्यातलं थोडं पाणी बदला.

प्रश्न (नांदेड): सून गरोदर आहे. गोदावरीचे मासे द्यावेत का? उकळून धातू जातो का?

उकळून जात नाही, तळूनही नाही. शिसं आणि कॅडमियम मांसापेक्षा यकृत, मूत्रपिंड, कल्ले यांत जास्त साठतं, म्हणून आतडी-कल्ले काढून नीट साफ करा. पारा मात्र थेट मांसात मुरतो, आणि दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या, जुन्या माशांत जास्त. म्हणून मोठी मरळ, मोठी वाम सध्या टाळा. मासे बंद करू नका, बाळाला त्यांतली प्रथिनं हवी असतात. स्वच्छ तलावातले किलोभराचे राहू-कटला आणा. नाला मिळतो त्या जागी पकडलेले नकोत.

प्रश्न (बीड): तलावाचं पाणी तपासलं, धातू आढळले नाहीत. आता निश्चिंत राहू?

नाही. पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाचं सांगतो. गाळ आणि माशाचं यकृतही तपासायला द्या. नाल्याच्या तोंडाशी आणि धरणाच्या भिंतीजवळ, असे वेगवेगळे नमुने घ्या. तळातला गाळ उकरून खाणाऱ्या मृगळाचा एक नमुना जरूर ठेवा. पाण्यासाठी प्रयोगशाळेकडूनच नायट्रिक ॲसिड घातलेली प्लॅस्टिकची बाटली मागून घ्या. नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीलाच चिकटतो आणि अहवाल खोटा दिलासा देतो.