कॅटॅलिस्टचा आधार बनवायला बसलायस? आधी एवढं सांभाळ

भावा, शिरोलीची फाउंड्री सोडून सिरॅमिककडं वळतोयस, बरं वाटलं. भट्टीची सवय कामी येईल. कॅटॅलिस्टचा आधार म्हणजे ज्या सच्छिद्र दाण्यांवर प्लॅटिनमसारखा कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारा पदार्थ) पसरवतात ते दाणे. सुरुवातीला एकच माल धर: बोहमाइट (पाणी धरलेला ॲल्युमिनियम ऑक्साइड) भाजून होणारं गॅमा ॲल्युमिना, म्हणजे बारीक छिद्रांचा ॲल्युमिनियम ऑक्साइड. झिर्कोनिया (दुसरं एक सिरॅमिक), हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारखे आरपार भोकांचे ठोकळे) यांच्या वाटेला आत्ता जाऊ नकोस.

नवखे चुकतात ते वाळवणीत. माझ्या पहिल्या लॉटचे ओले दाणे मी थेट १२० अंशांच्या ओव्हनमध्ये सारले. बाहेरून ठणठणीत दिसत होते. नखानं दाबलं, तर खपली निघाली आणि आत केसाएवढी चीर. आपल्या कुंभार गल्लीत शाडूची मूर्ती सावलीत ठेवतात ती याचसाठी: वरचा थर आधी आकसून कडक झाला की आतलं-बाहेरचं एकसारखं आकसत नाही आणि चीर पडते. रात्रभर झाकून सावलीत ठेव, मग ओव्हन हळूहळू चढव.

दुसरी चूक, ‘जास्त भाजलं की जास्त टिकाऊ’. ताकद वाढते खरी, पण ११०० अंशांच्या पुढं गॅमाचा अल्फा (ॲल्युमिनाचं घट्ट, छिद्रं मिटलेलं रूप) होतो आणि ग्रॅममागं २०० चौरस मीटरच्या आसपास असलेलं पृष्ठफळ १० च्याही खाली येतं. मग प्लॅटिनम पसरायचं कुठं? आत्ता ५५० अंश पुरेत.

प्रत्येक लॉटला एवढं कर:
- २५ दाणे एकेक करून दाबून फोड, भार लिहून ठेव. सरासरीपेक्षा कमजोर दाणे बघ; त्यांचाच भुगा रिॲक्टरमध्ये अडकून दाब वाढवतो.
- पाणी किती शोषतं ते वजनावर काढ.

चिरा थांबल्या नाहीत तर दाणे घेऊन ये. बोहमाइट मळताना घालायच्या नायट्रिक ॲसिडचं प्रमाण तेव्हा बघू.