स्वीडनमधल्या एखाद्या ग्रामीण नगरपालिकेचा इतिहास आणि भूगोल कुणी सांगेल का?

तुमच्या प्रश्नासाठी मी योक्मोक निवडतोय. मी उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ शहरात राहतो. तिथून वायव्येला साधारण १७० किलोमीटर आत गेलं की योक्मोक लागतं. माझं तिथे बऱ्याचदा जाणं होतं आणि त्या जागेवर माझा जीव आहे.

आधी शब्दाचं बघू. तुम्ही ‘ग्रामीण नगरपालिका’ म्हणालात, स्वीडिशमध्ये तिला ‘कोम्यून’ म्हणतात. आपल्याकडे नगरपालिका म्हणजे शहर. इथे मात्र रान, डोंगर, तळी धरून देशाची सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या कोम्यूनमध्ये येते. शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल, पाणी, कचरा ही कामं कोम्यूनची. योक्मोकचं क्षेत्रफळ १९ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे पाच गोवे मावतील एवढं. माणसं मात्र जेमतेम पाच हजार, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या योक्मोक गावात. गावाच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावरून आर्क्टिक वृत्त जातं.

हा सगळा मुलूख समजून घ्यायचा तर लुले नदी धरून चालायचं. पश्चिमेला, नॉर्वेच्या सीमेकडे, उंच डोंगर आहेत. स्वीडनमध्ये २ हजार मीटरांवरची शिखरं मोजकीच, आणि त्यातली सहा इथल्या सारेक राष्ट्रीय उद्यानात आहेत. १९०९ साली झालेलं हे उद्यान युरोपातल्या सगळ्यात पहिल्या काही उद्यानांपैकी एक. आत मुक्कामाच्या झोपड्या नाहीत आणि आखलेल्या वाटाही जवळजवळ नाहीत. डोंगरांतून नदीचे दोन फाटे, थोरली लुले आणि धाकटी लुले, आग्नेयेकडे उतरतात आणि वुओल्लेरिमला एक होतात. त्या संगमाजवळ सुमारे ६ हजार वर्षांपूर्वीच्या अश्मयुगीन वस्तीचे अवशेष सापडले आहेत. ‘योक्मोक’ हे नावही नदीचंच आहे. सामी भाषेत त्याचा अर्थ नदीचं वळण.

सामी हे इथले मूळ लोक. त्यांचे रेनडिअर उन्हाळ्यात डोंगरावर चरतात आणि थंडीत पूर्वेच्या जंगलात उतरतात. तिथे ते बर्फ उकरून लायकेन खातात. आपल्या मसाल्यातलं दगडफूल त्याच जातकुळीतलं. हिवाळ्यात सामी जिथे एकत्र जमत तिथेच १६०५ साली राजा नववा कार्ल याने बाजार ठरवून दिला. कर वसूल करायला, व्यापारावर नजर ठेवायला आणि धर्मोपदेशाला लोक एका जागी सापडावेत, हा त्यामागचा हेतू. तो बाजार आजही फेब्रुवारीच्या पहिल्या गुरुवारपासून भरतो. उणे तीस अंशांतही माणसांची रीघ असते. शिंगांच्या मुठीचे सुरे, भूर्जाच्या गाठीतून कोरलेले पेले, वाळवलेलं मांस, सगळं काही मिळतं. मागच्या खेपेला घेतलेला लाकडी पेला रोज माझ्या चहाला लागतो.

सतराव्या शतकात डोंगरात चांदी सापडली. क्विक्योकला ती गाळायचा कारखाना निघाला आणि खनिज सामींच्या रेनडिअरवर लादून आणलं जाऊ लागलं. १७३२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याच क्विक्योकपर्यंत पोचला होता.

पण मुलुखाचा चेहरामोहरा बदलला तो विजेने. किरुनाच्या लोहखनिजाची रेल्वे विजेवर चालवायची होती, म्हणून १९१० साली पोरयुसला जलविद्युत केंद्राचं काम सुरू झालं. तेव्हा तिथे रस्ताही नव्हता. येलिवारेहून जवळजवळ ५० किलोमीटर माणसांनी पाठीवर सामान वाहिलं. सारेकसोबतच १९०९ साली स्तूरा शोफालेत या भव्य धबधब्याभोवतीही उद्यान झालं होतं. दहाच वर्षांत त्यातला नदीकाठचा भाग उद्यानातून वगळला आणि सुओर्वाचं धरण बांधायला घेतलं. पुढे ते पुन्हा पुन्हा उंच केलं गेलं. दर वेळी सामींच्या काठावरच्या वस्त्या बुडाल्या, आणि कुणी त्यांची संमती घेतली नाही. नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. धरणाचं पाणी हिवाळ्यातही खाली-वर होतं, त्यामुळे वरचा बर्फ पोकळ राहतो आणि कळप पार करायला भरवशाचा उरत नाही. म्हणजे ज्या गोठलेल्या नदीवरून पिढ्यान् पिढ्या स्थलांतर झालं, तीच वाट धोक्याची झाली. मला हे धरणाच्या भिंतीपेक्षाही मोठं नुकसान वाटतं.

आज स्वीडनच्या एकूण विजेपैकी सुमारे दहावा हिस्सा लुले नदीवर तयार होतो. वीजकेंद्रांवरचा मालमत्ता कर मात्र कोम्यूनला मिळत नाही, तो सरकारच्या तिजोरीत जातो. बांधकामं संपली तशी माणसं निघून गेली आणि लोकसंख्या निम्म्याहून खाली आली. मेसाउरेला एकदा जरूर जा. १९५७ नंतर धरणाच्या कामगारांसाठी तिथे अख्खं गाव उभं राहिलं होतं, शाळा-दुकानांसकट. काम झाल्यावर घरं उचलून नेली. आता झाडीत नुसते रस्ते दिसतात.

एक गोष्ट प्रवासी माहितीत सहसा नसते. १९१९ च्या स्वीडन-नॉर्वे करारानंतर रेनडिअरना सीमेपलीकडे चरायला बंधनं आली, तेव्हा उत्तरेकडच्या अनेक सामी कुटुंबांना सक्तीने इकडे हलवलं गेलं. भाषा वेगळी, कुरणं आधीच दुसऱ्यांची. त्यांचे वंशज आजही इथे आहेत.

१९९६ मध्ये सारेक आणि भोवतालचा मोठा प्रदेश ‘लापोनिया’ या नावाने जागतिक वारसा ठरला. तरी ओढाताण थांबलेली नाही. गालोक इथे लोखंडाची खाण काढायला सरकारने मार्च २०२२ मध्ये परवाना दिला, तोही कळपांच्या वाटेवरच. गावात दोन्ही बाजूंची माणसं भेटतात. रोजगार हवा म्हणणाऱ्यांचं मला कळतं, पण माझं मत खाणीच्या विरोधात आहे.

जमलं तर आधी गावातलं ‘आइते’ संग्रहालय बघा. या सामी शब्दाचा अर्थ कोठार. तिथे दोन तास काढा आणि मग नदीच्या कडेने पोरयुसच्या रस्त्याला लागा.