हिमालयात पाहिलेला तुरेवाला युहिना पुण्याच्या आसपास दिसेल का?

एप्रिलमध्ये उत्तराखंडातल्या चोपत्याच्या वाटेवर, बुरांशाच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) फुलांवर पाहिलेला आणि वाटाड्याने 'युहिना' म्हणून ओळख करून दिलेला लहानसा तुरेवाला पक्षी सिंहगड किंवा ताम्हिणीच्या बाजूला सापडेल का, आणि आपल्याकडचे तुरेवाले बुलबुल त्याचेच भाऊबंद आहेत का, असे आपण विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. मात्र युहिनाचा एक जवळचा नातलग पुण्यात राहतो, बहुधा आपल्या सोसायटीच्या आवारातही येतो, आणि त्याच्या डोक्यावर तुरा नाही.

नेपाळमध्ये ब्रिटिश रेसिडेंट असलेल्या ब्रायन हॉजसन यांनी १८३६ साली युहिना ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, म्हणजे जीनस) शास्त्रीय नोंदीत आणली. तिच्यातले पक्षी हिमालयापासून ईशान्य भारत, म्यानमार आणि दक्षिण चीनपर्यंतच्या डोंगरी जंगलांत राहतात. एक जाती तर केवळ तैवानच्या डोंगरांतच आढळते. या तैवानी युहिनाच्या अनेक माद्या एकाच घरट्यात अंडी घालतात आणि सगळा गट मिळून पिल्ले वाढवतो. आपण पाहिलेल्यासारखे हिमालयातले युहिना उन्हाळ्यात ओक आणि बुरांशाच्या दमट जंगलात उंचावर असतात आणि थंडी वाढली की त्याच डोंगराच्या खालच्या उतारांवर येतात. त्यांचा प्रवास एवढाच असतो. व्हर्डिटर फ्लायकॅचरसारखा हिमालयातला पक्षी हिवाळ्यात थेट सह्याद्रीत उतरतो, तसे युहिना कधीच करत नाहीत.

आपला सह्याद्री उंचीला कमी पडतो, हे कारण अनेकदा सांगितले जाते. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १६४६ मीटरचे आहे, त्यामुळे त्यात तथ्य आहेच. पण तेवढ्याने उलगडा होत नाही, असे मला वाटते. निलगिरीतला दोडाबेट्टा २६३७ मीटर उंच आहे, तिथल्या शोला (डोंगरघळींतल्या सदाहरित) जंगलांच्या कडेला हिमालयातल्या बुरांशाचाच एक प्रकार लाल फुलांनी बहरतो, आणि तरीही तिथे युहिना नाही. झाड दक्षिणेत आहे, पक्षी नाही. हिमालय आणि निलगिरी यांच्यामध्ये आज मैदाने आणि दख्खनचा कोरडा, तापणारा प्रदेश पसरलेला आहे, आणि दमट जंगल सोडून लांब न जाणाऱ्या पक्ष्याला तो ओलांडणे शक्य नाही.

आता त्या नातलगाविषयी. तो म्हणजे आपला चष्मेवाला. हिरवट पिवळ्या रंगाचा, जेमतेम दहा सेंटीमीटर लांबीचा आणि डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेला हा पक्षी वेताळ टेकडीवर, एम्प्रेस गार्डनमध्ये आणि शेवग्याचे झाड असलेल्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या परसातही दिसतो. पूर्वी युहिनांना सातभाईंच्या मोठ्या गोतावळ्यात धरत असत. या शतकाच्या सुरुवातीला डीएनएचा तौलनिक अभ्यास झाला तेव्हा त्यांचे खरे नाते चष्मेवाल्यांशी असल्याचे दिसून आले, आणि आज दोघांची गणना एकाच कुळात होते. हे कळल्यावर दोघांची वागणूक शेजारी ठेवून पाहावी. शेवगा फुलला की चष्मेवाल्यांचा थवा एकमेकांना बारीक, नाजूक आवाजात सतत साद घालत झाडावर उतरतो. एखादा पक्षी डहाळीला उलटा लटकून फुलात चोच घालतो, मध घेता घेता पाकळीमागचा किडाही टिपतो, आणि मिनिटभरात सगळे पुढच्या झाडावर गेलेले असतात. बुरांशावरचा युहिना नेमके हेच करतो. दोघांच्याही जिभेचे टोक मध टिपण्यासाठी कुंचल्यासारखे झालेले असते. बुरांशाच्या झुबक्यातून डोके बाहेर काढणाऱ्या युहिनाच्या चोचीच्या मुळाशी आणि कपाळावर परागांचा पिवळा लेप बसलेला असतो, आणि तोच पराग तो पुढच्या फुलापर्यंत पोहोचवतो. पुण्यातल्या फुलांवर चष्मेवाला हेच काम करतो, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

तुऱ्यावरून नाते ठरवता येत नाही, हे याच कुळाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. पांढऱ्या पोटाचा, हिरवट, तुरेवाला असा एक आशियाई पक्षी दीर्घकाळ युहिना म्हणूनच ओळखला जात होता. तपासणीनंतर तो अमेरिकेतल्या व्हिरिओ पक्ष्यांच्या कुळातला निघाला आणि आता त्याला एर्पोर्निस या स्वतंत्र प्रजातीत ठेवले आहे. आपल्याकडेही तेच आहे. शिपाई बुलबुलाचा काळा, टोकदार तुरा उठून दिसतो, पण बुलबुलांचे कूळ वेगळे. पावसाळ्यात सिंहगडाच्या उतारावर गाणारा युवराज हाही झोकदार तुऱ्याचा पक्षी, आणि तो भारीट कुळातला. मुळशी-ताम्हिणीच्या किंवा महाबळेश्वरच्या जंगलात काळ्या तुऱ्याची, पिवळ्या गालांची इंडियन यलो टिट दिसते. आकाराने आणि उलटे लटकण्याच्या सवयीने ती युहिनाची आठवण करून देते, परंतु तिचे सख्खे नाते आहे ते टिटच्याच कुळातल्या, तुरा नसलेल्या रामगंगेशी.

आपण पाहिलेली जाती नेमकी कोणती, हे वर्णनावरून ठरत नाही, कारण त्या भागात तुरेवाल्या तपकिरी युहिनांच्या एकाहून अधिक जाती आहेत. छायाचित्र काढले असेल तर आधी गळा पाहावा. गळ्यावर बारीक गडद रेघा आणि पंखावर नारिंगी पट्टी असेल, तर तो स्ट्राइप-थ्रोटेड युहिना. गळा पांढरा व रेघांविना असेल, चोचीपासून खाली काळी मिशी उतरलेली असेल आणि डोळ्याभोवती ठळक पांढरे कडे असेल, तर तो व्हिस्कर्ड युहिना.