चीज आणि सलामीच्या बोर्डवर मायक्रोग्रीन्स कोणती आणि कधी लावावीत?

मुळा, मोहरी किंवा अळिवाची मायक्रोग्रीन्स (बी उगवल्यावर थोड्याच दिवसांत कापलेली कोवळी रोपं) घ्या आणि बोर्ड, म्हणजे चीज-सलामी मांडलेला पाट, टेबलावर नेण्याच्या अगदी आधी लावा. सलामी (मुरवलेल्या मांसाचे पातळ काप), ब्री (मऊ चीज), मुरलेलं गौडा (घट्ट चीज) हे सगळं स्निग्ध आणि खारट. मुळा-मोहरीच्या तिखटपणाने जिभेवरचा ओशटपणा जातो. बकरीच्या दुधाच्या मऊ चीजसोबत मटारचे गोडसर कोंब जास्त छान लागतात. केटरिंगमध्ये मी असे बोर्ड लावते. चव खुलावी म्हणून चीज अर्धा-पाऊण तास आधी फ्रीजबाहेर काढावं लागतं, तेवढ्यात ही नाजूक पानं माना टाकतात. ती धुऊन, पूर्ण कोरडी करून फ्रीजमध्येच ठेवा. ओल्या पानांनी क्रॅकर सादळतात. मायक्रोग्रीन्स घरी वाढवणार असाल तर टोमॅटो-वांग्याची रोपं मात्र घेऊ नका, ती खाण्याजोगी नसतात.